दाखले पाठ आहेत, पण जगायचे कसे? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

येशूचे दाखले मला लहानपणापासून तोंडपाठ होते, आणि तीच माझी अडचण होती. हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी... गोष्ट सुरू झाली की शेवट आधीच ओठांवर यायचा. कळलं म्हणायचं आणि पान उलटायचं. मग विश्वासात नव्याने आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "गोष्ट छान आहे हो, पण उद्या सकाळी उठून मी करू काय?" मला काही सांगता आलं नाही. इतकी वर्षं वाचून मी स्वतः तरी काय करत होते, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात बसला.

पुढची तीनेक वर्षं मी धडपडत, चुकत एक पद्धत बसवली. ती खाली लिहिते आहे. यात विद्वत्तेचं काही नाही. मी जिथे जिथे अडखळले तिथे तुम्ही अडखळू नये, एवढाच हेतू.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत दाखला म्हटलं की कागदावरचा पुरावाही आठवतो आणि उदाहरणही. शुभवर्तमानांतला (येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांतला) मूळ ग्रीक शब्द 'पाराबोले', म्हणजे एका गोष्टीच्या शेजारी दुसरी ठेवणं. देवाच्या राज्याशेजारी मोहरीचा दाणा ठेवला, खमीर ठेवलं, शेतात पुरलेली ठेव ठेवली. त्याच्या शेजारी आता तुमचा कालचा दिवस ठेवायचा. कामाला सुरुवात तिथून होते.

काय काय लागेल

- बायबल, शक्यतो दोन वेगवेगळ्या भाषांतरांत. कारण पायरी २ मध्ये कळेल.
- एक वही. मोबाइलवर लिहू नका. मी लिहून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला दुसरंच काहीतरी उघडलेलं असायचं.
- रोज वीस मिनिटं. तासभर ठरवलंत तर आठवड्यात मोडेल.
- एक सोबती. याच्याशिवाय सुरू करता येतं, टिकवता येत नाही.
- एका दाखल्याला एक महिना. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. दाखले किती आहेत याची मोजणीसुद्धा एकसारखी नाही, कोणी तीस-पस्तीस धरतात, कोणी साठपर्यंत जातात. सगळे 'संपवायचे' असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

योहानाच्या शुभवर्तमानात या अर्थाचे दाखले सापडत नाहीत. तिथे मेंढपाळ आणि द्राक्षवेल अशी रूपकं आहेत. त्यामुळे आपलं काम मत्तय, मार्क आणि लूक यांच्यातच.

पायरी १: गोष्टीच्या आधीची दोन वाक्यं वाचा

येशू बहुतेक वेळा कुणाच्या तरी प्रश्नाला, तक्रारीला किंवा कुजबुजीला उत्तर म्हणून दाखला सांगतो. तो प्रश्न गाळला की दाखल्याची धार जाते आणि नुसती बोधकथा उरते.

लूक १५ घ्या. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या पुत्र हे तिन्ही एकापाठोपाठ येतात. का? पहिल्या दोन ओळींत लिहिलंय: येशू पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, अशी परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) कुरकूर करत होते. म्हणजे या गोष्टी हरवलेल्यांना तर आहेतच, पण त्या सांगितल्या गेल्या कुरकुरणाऱ्यांना.

लूक १२ मधला कोठारं मोठी बांधणारा मूर्ख श्रीमंत घ्या. त्याच्या आधी गर्दीतला एकजण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. मला ही जागा फार आवडते. भावकीतलं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीही येशूपर्यंत गेलं होतं, आणि त्याने वाटणी करून द्यायला साफ नकार दिला.

मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याचा मालक पहाटे आलेल्यांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना सारखीच मजुरी देतो. या दाखल्याचं मूळ एक पान मागे, शिष्य पेत्राच्या प्रश्नात आहे: आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? अध्याय बदलतो म्हणून आपण तिथे थांबतो. पण अध्यायांचे आकडे फार नंतर, मध्ययुगात घातले गेले. मूळ लिखाणात ती भिंत नव्हती.

पहिले दोन दिवस एवढंच करा. वहीत एक ओळ लिहा: हा दाखला कुणाला आणि कशावरून सांगितला? काही ठिकाणी उत्तर मिळणार नाही. तिथे रिकामी जागा सोडा, स्वतःच्या मनाने भरू नका.

पायरी २: त्या काळचा हिशेब समजून घ्या

दोन भाषांतरं इथे उपयोगी पडतात. मत्तय १८ मधल्या निर्दय चाकराचं कर्ज काही मराठी भाषांतरांत रुपयांत दिलेलं दिसतं, त्यामुळे मूळ आकड्याचा धक्का बसत नाही. मूळ आकडा दहा हजार तालांत. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. गुणाकार करा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. ऐकणारे नक्की हसले असणार. असं कर्ज कोणी फेडूच शकत नाही, आणि तो चाकर म्हणतो, थोडा धीर धरा, सगळं फेडतो! धनी ते सगळं माफ करतो.

आता बाहेर पडताच ज्यासाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला ते येणं पाहा: शंभर दिनार. शंभर दिवसांची मजुरी, म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई. याला आपण सर्रास 'किरकोळ रक्कम' म्हणतो आणि फसतो. हातावर पोट असलेल्या माणसाला ती किरकोळ नव्हती. हा आकडा वहीत मांडला तेव्हा मला पहिल्यांदा दिलासा मिळाला. लोकांनी माझं जे नुकसान केलं ते क्षुल्लक होतं, असं येशू म्हणत नाही. ते खरंच होतं. ते कशाशेजारी ठेवून पाहायचं, एवढंच तो सांगतो.

माणसांचाही हिशेब करा. 'परूशी' हा शब्द आपण आता शिवीसारखा वापरतो. त्या काळी परूशी म्हणजे नियमाने वागणारा, उपास करणारा, दशांश देणारा, लोकांच्या आदरातला माणूस. जकातदार म्हणजे परक्या सत्तेसाठी वसुली करून स्वतःच्याच लोकांना लुबाडणारा. लूक १८ मध्ये दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणतो, देवा, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार; जकातदार फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. हे ऐकून आपल्याला थोडाही राग येत नसेल, तर दाखला अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

इथलाच एक सापळा सांगते, मी स्वतः त्यात पडले आहे. हा दाखला वाचून झाल्यावर मनात येतं, देवा, मी त्या परूश्यासारखी नाही म्हणून तुझे आभार. नीट पाहा, ही प्रार्थना कुणाची आहे.

पायरी ३: गोष्टीतली आपली जागा शोधा, आणि पहिली जागा सोडा

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवते, तुम्हीही घालवा. दाखला वाचताना आपण नकळत एक पात्र निवडतो, आणि ते बहुधा आपल्या सोयीचं असतं. म्हणून वहीत सगळ्या पात्रांची नावं लिहा, मनात आलेल्या पहिल्या पात्रावर काट मारा आणि उरलेल्यांतून निवडा.

याचं सर्वांत जुनं आणि धारदार उदाहरण जुन्या करारात आहे, २ शमुवेल १२ मध्ये. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्टा येऊन सरळ आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ गुरंमेंढरं होती, तरी त्याने गरिबाची एकुलती एक, लेकीसारखी वाढवलेली मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो, त्या माणसाला मरणाची शिक्षा फर्मावतो. आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." दावीद गोष्टीत न्यायाधीशाच्या जागी बसला होता. त्याला तिथून उठवायला एक वाक्य पुरलं.

माझी गोष्ट अशी. आई आजारी होती तेव्हा तिचं सगळं मी करत होते. धाकटी बहीण दूर राहायची, महिनोन्‌महिने फोन नाही. एक दिवस ती अचानक आली आणि आईचा चेहरा असा उजळला की माझ्या पोटात खड्डा पडला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आली का तुझी लाडकी?" त्या महिन्यात माझ्या वहीत उधळ्या पुत्राचाच दाखला होता, हा योगायोग समजा. धाकटा आपला वाटा उधळून परत येतो, बाप मेजवानी घालतो, आणि घरी राबलेला थोरला रागावतो. मी इतकी वर्षं स्वतःला धाकट्या मुलाच्या जागी ठेवून डोळे पुसत आले होते. त्या रात्री थोरल्याची वाक्यं वाचली. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुम्ही मला साधं करडू दिलं नाहीत, आणि हा 'तुमचा मुलगा' येताच... तो 'माझा भाऊ' म्हणत नाही. बाप उत्तर देताना हळूच दुरुस्ती करतो: हा 'तुझा भाऊ'.

'तुझी लाडकी' आणि 'तुमचा मुलगा' हे दोन शब्द वहीत एकाखाली एक लिहिले आणि वही मिटली.

आणखी एक बघा. बाप दोनदा घराबाहेर येतो, एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा थोरल्याची समजूत काढायला. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. गोष्ट दारातच संपते.

पायरी ४: एक कृती ठरवा, ती सात दिवसांत मावली पाहिजे

नवखे इथे दोन टोकं गाठतात. एक, 'मी आजपासून सर्वांवर प्रेम करीन' असं काहीतरी लिहितात. हे कुणालाच करता येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. दुसरं, एकदम नोकरी सोडून सेवेला निघतात आणि महिन्याभरात थकून परततात.

मोजमाप हवं असेल तर शोमरोन्याकडे पाहा. लूक १० मधली ती वाट यरुशलेमहून यरीहोला उतरते, पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त उतार, निर्जन आणि लुटारूंची. लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) कडेने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी, यहूद्यांना नकोशा वाटणाऱ्या शेजारच्या लोकांतला. शोमरोनी काय करतो ते क्रियापदांनी मोजा: जवळ जातो, तेल आणि द्राक्षारस लावून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार देतो, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेने जातो. हे शेवटचं आपण विसरतो! त्याने प्रवास रद्द केला नाही, जखमीला दत्तक घेतलं नाही. आपल्या जवळचं काढलं, जमेल तेवढं केलं, पुढचं काम उतारशाळेच्या रक्षकाला सोपवलं आणि परत येण्याचा शब्द दिला.

म्हणून कृती लिहिताना चार गोष्टी बघा: कोणासाठी, नेमकं काय, कोणत्या दिवशी, आणि माझं काय खर्ची पडणार. चौथ्याला उत्तर 'काही नाही' असेल तर दुसरी कृती शोधा.

माझी पहिली कृती अगदी बारीक होती. सात दिवस आईशी बोलताना बहिणीचा उल्लेख 'तुझी' असा करायचा नाही, नाव घ्यायचं किंवा 'माझी बहीण' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी मोडलं. चौथ्या दिवशी परत सुरू केलं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, मला मात्र ते उपासापेक्षा कठीण गेलं.

क्षमेच्या दाखल्यावर कृती ठरवताना मात्र सावध राहा. मारहाण करणाऱ्या, छळणाऱ्या माणसाकडे परत जा, कारण येशूने पेत्राला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलंय, असा सल्ला मी विश्वासणाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. त्याच अध्यायात, दाखल्याच्या आधी, येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याला एकट्याला गाठून दाखवून दे, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला (विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला) सांग. म्हणजे अपराध लपवायचा नाही, आणि तो एकट्याने सोसायचाही नाही. सूडाचा हिशेब सोडणं वेगळं आणि धोक्याच्या घरात परत जाणं वेगळं. कोणी इजा करत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, मदत घ्या. वही नंतर उघडता येईल.

पायरी ५: सोबत्याला सांगा

आठवड्यातून एकदा, अर्धा तास. ठरवलेली कृती केली का, नसेल तर काय आडवं आलं, एवढंच. सोबती असा निवडा जो तुम्हाला 'असू दे' म्हणणार नाही आणि तुमची गोष्ट चारचौघांत प्रार्थनेचा विषय म्हणून सांगणारही नाही. नवरा-बायकोने एकमेकांचे सोबती होऊ नये असं माझं मत आहे. वाद घालायचा असेल तर घाला.

पायरी ६: पीक उकरून पाहू नका

मार्क ४ मध्ये चार ओळींचा एक दाखला आहे, तो फक्त मार्कातच सापडतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी उगवतं ते कसं हे त्याला कळत नाही. महिन्याच्या शेवटी आपण बदललो का हे मोजायची घाई झाली की मी तो वाचते. कृती मोजा, स्वतःला मोजू नका. बहिणीशी माझं पूर्ववत व्हायला त्या सात दिवसांनंतर दीड वर्ष लागलं, आणि नेमकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही.

बहुतेक जण जिथे फसतात

*प्रत्येक तपशिलाचा गूढ अर्थ लावणं.* ही खोड जुनी आहे. ऑगस्टीनसारख्या थोर प्राचीन ख्रिस्ती गुरूने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा रक्षक म्हणजे प्रेषित पौल, असा अर्थ काढला होता. सुंदर आहे, पण त्यात वाटेवर पडलेला माणूस हरवतो. पेरणारा आणि निदण (गव्हात उगवलेलं तण) या दोन दाखल्यांचा अर्थ येशूने स्वतः उलगडून सांगितलाय, तिथे तो घ्या. बाकी ठिकाणी हात आवरा.

*दाखला दुसऱ्यावर फेकणं.* 'हे आमच्या जाऊबाईंनी ऐकायला हवं होतं' असं मनात आलं की समजा, पायरी ३ वर परत जायचंय.

*लाजराच्या दाखल्याने गरिबाची समजूत घालणं.* लूक १६ मधला तो श्रीमंताच्या दारी उपाशी पडलेला लाजर; मेल्यावर त्याला सुख मिळतं, श्रीमंताला यातना. पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांत नाव मिळालेला हा एकटाच. श्रीमंताला नाव नाही. दाखला श्रीमंताला जाब विचारतो. तो गरिबाला 'सोस, वर मिळेल' म्हणून ऐकवणं म्हणजे दाखला उलटा धरणं.

*तालांतांचा धसका.* पाच, दोन आणि एक तालांत मिळालेल्या चाकरांची गोष्ट ऐकून कित्येकांना वाटतं की आपण पुरेसं काही केलंच नाही. पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी शब्दशः एकच शाबासकी देतो, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. आणि एक तालांतसुद्धा सहा हजार दिवसांची मजुरी होती, वीस वर्षांची कमाई. कमी कुणालाच मिळालं नव्हतं.

कुठून सुरू करायचं

पहिला महिना लूक १०, चांगला शोमरोनी, कारण कृती लगेच सुचते. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? शेवटी येशू प्रश्नच फिरवतो: त्याचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला 'शोमरोनी' हा शब्द उच्चारवत नाही, 'दया केली तो' असं म्हणून तो वेळ मारून नेतो. दुसरा महिना मत्तय १८. तिसरा लूक १५, पण त्यात थोरल्या भावाला निदान दोन आठवडे द्या. मग पेरणारा, ज्याचं बी वाट, खडक, काटे आणि चांगली माती अशा चार जमिनींवर पडतं: त्या चारही जमिनी एकाच माणसात, एकाच आठवड्यात सापडतात हे वहीवरून कळेल. त्यानंतर तुमचं तुम्ही ठरवा.

लूक १६ मधला अन्यायी कारभारी मात्र शेवटी ठेवा. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या कर्जदारांना बोलावतो, शंभर मण तेलाच्या जागी पन्नास लिही म्हणतो, आणि धनी त्याच्या धूर्तपणाची तारीफ करतो. मी तो दोनदा सुरू केला. एकदा एका मैत्रिणीचं जुनं देणं सोडून दिलं, एकदा नुसतीच पात्रांची यादी झाली. माझ्या वहीत ती दोन्ही पानं अर्धीच आहेत.